सव्वादोन गिरक्या

आमच्या कार्यालयात तो जिथं आपटला नाही अशी एकही फरशी शिल्लक नाही. स्टेजसमोर आपटला, जेवणाच्या दारात आपटला, एकदा तर वरमाईसाठी मांडून ठेवलेल्या सोफ्यात जाऊन कोसळला आणि तिथूनही दोन्ही हात वर करून हसला. हसण्याला मार्क असतात म्हणे. मी ओरडलो, "अरे, माकडहाड मोडलं असतं की!" तर म्हणतो, "मामा, पडायचं तर तोंड हसतं ठेवून पडायचं. पडल्याचे मार्क जात्यातच, तोंडाचे कशाला घालवायचे?"

मी मंगल कार्यालयाचा मॅनेजर. शिरूरकडून चौफुल्याला जाताना उसाच्या मधोमध आमचं कार्यालय लागतं. सोळा वर्षं इथं सासऱ्यांचे रुसवे, मावश्यांची भांडणं आणि टुन्न झालेले आचारी सांभाळतोय, त्यामुळं कुठलाही नमुना बघून मी सहसा थक्क होत नाही. पण हा नमुना निराळा होता. हा फिगर स्केटर होता. म्हणजे चार चाकांचे बूट घालायचे, गाणं लावायचं आणि त्या गाण्यावर गिरक्या घेत, उड्या मारत, एका पायावर कमरेत वाकून तीन मिनिटं हिंडायचं. परदेशात हे बर्फावर करतात. आमच्याकडं बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो, म्हणून चाकं.

या सगळ्याला सुरुवातीला जबाबदार मीच, हे आधीच कबूल करतो. तो वडगाव रासाईचा, बँडवाल्याचा पोरगा. बाप क्लॅरोनेट वाजवायचा. सगळा तालुका त्यांना बँडवाले चाचा म्हणतो. पोरगा दहा वर्षांचा असल्यापासून बँडच्या पुढं खुळखुळे वाजवत चालायचा. आमच्याकडं लग्नात विसरलेल्या वस्तूंचं एक कपाट आहे. त्यात छत्र्या आहेत, एकेकट्या चपला आहेत, एक कवळी आहे. त्यातच पुण्याच्या कुठल्यातरी पाहुण्यांच्या पोराचे चाकांचे बूट दोन वर्षं पडून होते. हे पोरगं रोज कपाटाच्या काचेला नाक लावून उभं राहायचं. काचेवर डाग पडतात म्हणून वैतागून मी ते बूट त्याच्या हातात कोंबले आणि म्हटलं, जा बाबा, घे आणि मर. बोलायची पद्धत असते आपली.

तो मेला नाही, पडला. मग पडतच राहिला. अकरा-बारा वर्षं पडत होता, आणि त्यातली निदान दहा वर्षं आमच्या कार्यालयात.

कारण फरशी. आमच्या आबांनी, म्हणजे मालकांनी, स्वतःच्या लेकीच्या लग्नाआधी हॉलची फरशी मशीननं घासून अशी सपाट करून घेतली, की सांधा हाताला लागत नाही. शिरूरपासून दौंडपर्यंत अशी फरशी दुसरीकडं नाही, असं तो म्हणायचा. त्यानं सगळीकडं गुडघ्यावर बसून, गाल जमिनीला लावून तपासलं होतं. पाटसच्या एका कार्यालयात तर नवरदेवाच्या पाया पडतोय असं वाटून नवरदेवानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तोही मुकाट्यानं आशीर्वाद घेऊन आला.

आबांनी परवानगी दिली, पण ज्या दिवशी लग्न नसेल त्याच दिवशी. झालं! हा पंचांग वाचायला शिकला. लोक मुहूर्त कधी आहे ते बघतात, हा कधी नाही ते बघायचा. पौष लागला की याची दिवाळी. चातुर्मासात तर हा फुलून यायचा. आमचे गुरुजी दारात दिसले की धावत जाऊन विचारायचा, "गुरुजी, यंदा गुरूचा अस्त किती दिवस हाय?" गुरुजी सांगायचे सव्वीस दिवस, की हा खट्टू. "तेवढाच?" म्हणायचा. सगळ्या तालुक्याची लग्नं खोळंबावीत अशी मनापासून प्रार्थना करणारा हा एकटाच माणूस मी पाहिला.

आणि त्याचा एक हाडवैरी होता. अक्षता! चाकाखाली तांदळाचा एक दाणा आला की माणूस तोंडावर जातो, हे मला त्यानंच शिकवलं. "एक दाना म्हंजी एक दात," हे त्याचं वाक्य, आणि पुढचा अर्धा दात तुटलेला दाखवून तो ते पुराव्यासकट म्हणायचा. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी हा हजर. आमच्या बायका झाडून, पुसून गेल्यावर हा ओलं फडकं घेऊन रांगत निघायचा. भिंतीच्या कडा, स्टेजच्या पायऱ्यांची खाच, खांबाचा बुडखा. दोन तासांनी मूठभर तांदूळ आणि वाटीभर साडीपिना आणून माझ्या टेबलावर ठेवायचा. "बघा तुमची झाडलोट," म्हणायचा. आमच्या झाडणाऱ्या बायका त्याला सवतीसारख्या पाण्यात बघायच्या.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण एकदा कवठे येमाईकडचं मोठं वऱ्हाड होतं आणि त्याची जिल्ह्याची स्पर्धा तीन दिवसांवर आलेली. या शहाण्यानं काय करावं? बँडचा लाल कोट घालून आत शिरला, अक्षतांची टोपली स्वयंपाकघरात कुलपात टाकली आणि पाहुण्यांना झेंडूच्या पाकळ्या वाटत सुटला. वर भाषण : "अन्नाची नासाडी नको, पाकळ्या टाका." गुरुजींनी "सावधान" म्हटलं, हजार माणसांनी पाकळ्या उधळल्या, आणि नवरीची आत्या कडाडली, "लगीन हाय का मयत हाय? तांदूळ कुठं हायत?" पुढं काय झालं ते विचारू नका. कुलूप तुटलं, आचाऱ्याचं आख्खं पोतं बाहेर आलं. नवरा-नवरीवर पाच-पाच दाणे पडले असतील, बाकी सगळं पोतं याच्यावर. दोन दिवस वेचत होता. पाकळ्या चिरडून फरशीला चिकटल्या त्या वेगळ्याच. स्पर्धेला सराव न करताच गेला आणि वरमाईकडून शिव्या मात्र मी खाल्ल्या.

तरी त्या स्पर्धेत दुसरा आला. किती जण होते विचारलं तर म्हणाला, "तीन." मी हसलो. तो म्हणाला, "मामा, तिसरा पण चांगला होता."

स्पर्धेचा पोशाख म्हणजे बँडचाच जुना कोट. आईनं तो अंगाबरोबर शिवून दिला, सोनेरी दोऱ्या तशाच ठेवल्या, वर टिकल्या लावल्या. गाणंही बापाचंच. बाकीची पोरं इंग्रजी वाजंत्रीवर तरंगायची. याचं सुरू झालं की परीक्षक दाराकडं बघायचे, वरात कुठून आली म्हणून. चाचांनी तीन मिनिटांचं ते गाणं स्वतः बसवून रेकॉर्ड करून दिलं होतं, पण पोराला खेळताना बघायला ते कधी आले नाहीत. "मी दिवसभर लोकांची पोरं नाचवतो, घरचं पन तेच बघू व्हय?" म्हणायचे. गावात पोराला नाच्या म्हणत होते, ते त्यांच्या कानावर जात होतं. मीही म्हटलं असेल दोन-चारदा. सगळे म्हणायचे.

हसण्याचा सराव तर तो कुठंही करायचा. भाजीवालीपुढं, एसटीच्या कंडक्टरपुढं, तलाठ्यापुढं. बत्तीस दात, तेही अर्धा कमी, आणि मान किंचित वर. दौंडच्या स्टेशनवर एका बाईनं यावरून त्याला पर्स फेकून मारली. तिलाही त्यानं वाकून नमस्कार केला, कारण खेळ संपल्यावर वाकायचं असतं. आमच्या हॉलमध्ये सराव संपला की चार दिशांना वाकायचा. समोर कोण? सहाशे लाल खुर्च्या, एकात एक घातलेल्या, आणि त्यांच्या पुढं उकिडवा बसलेला मी.

मी उकिडवा का बसलेला, तर अडीचसाठी. ही उडी समजून घ्या, कारण त्याचा सगळा जन्म या उडीवर टांगलेला होता. पुढं तोंड करून उडायचं, हवेत फिरायचं आणि मागं तोंड करून उतरायचं. म्हणून दोन गिरक्यांवर अर्धी जास्त. पुण्यात त्याचा एक कोच होता, महिन्यातून एकदा शिकवायचा, बाकी फोनवर. त्यानं स्वच्छ सांगितलं होतं : राज्याच्या निवडीतून दोघंच राष्ट्रीय स्पर्धेला जातात, अडीच बसली तर तू जाशील, नाहीतर घरी बस. पण पाव गिरकी जरी कमी पडली तर उडी अर्धवट धरतात आणि मार्क असे कापतात, की त्यापेक्षा साधी दोनाची मारलेली बरी. म्हणजे अडीच पुरी होते की नाही, हे आधी ठाऊक पाहिजे.

आणि ते ठरवणार कोण? मी! उतरताना बुटाचं टोक आला तिकडं वळलेलं असलं की अडीच पुरी. आडवं राहिलं की सव्वादोन. हे बघायला डोळा जमिनीलगत पाहिजे. मी म्हटलं, मोबाइल लाव की. तर त्याचा मोबाइल गाण्याला जोडलेला, आणि तो म्हणायचा, "त्यात चाक टेकतानाचं धुरकट येतं मामा, मानसाचा डोळाच पायजे." माझा मोबाइल म्हणजे कार्यालयाचा, दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी बाप हॉल रिकामा आहे का विचारणार. मग काय, पन्नाशीतला, गुडघे दुखणारा माणूस, त्यानं उतरायच्या जागी आखलेल्या खडूच्या रेघेपाशी उकिडवा बसून ओरडतोय :

"सव्वादोन!"

"नीट बघितलं का मामा?"

"मी काय तुझा सासरा हाय का खोटं बोलायला?"

दोन वर्षं हेच. तो उडणार, धाडकन येणार, हसणार, विचारणार, मी सव्वादोन म्हणणार. खरंच सव्वादोन असायची. हळूहळू ते त्याचं नावच पडलं. आचारी म्हणायचे, "सव्वादोन आला." मंडपवाल्यांची पोरं रस्त्यावर त्याला बघून दोन बोटं आणि वर एक अर्धं बोट दाखवायची. या विनोदाचा कर्ता मी, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगायचो.

यात आमचे गावपुढारी आप्पा मागं कसे राहतील? त्यांनी जिल्ह्याच्या दुसऱ्या नंबरबद्दल फ्लेक्स लावला. फ्लेक्सवाल्यानं इंटरनेटवरून बर्फावरच्या कुठल्याशा गोऱ्या पोरीचा फोटो उतरवला आणि तिच्या धडावर याचं मुंडकं बसवलं. खाली बर्फ, अंगात निळा फ्रॉक, वर आमच्या पोराची मिशी. चौकात माणसं पोट धरून हसत होती. मला वाटलं हा आता तोंड लपवेल. हा फ्लेक्सखाली उभा राहिला, मान तिरकी करून बघत राहिला आणि म्हणाला, "पाय एकदम बरोबर हाय मामा. असाच पायजे."

आता त्या दिवसाचं सांगतो. पौषाचा शेवटचा दिवस. निवड आठ दिवसांवर आलेली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडं लागोपाठ लग्नं, म्हणजे त्याला हॉल मिळणार नव्हता. सकाळपासून उडत होता. दुपारी तीनला फाटकावर डेकोरेशनचा टेम्पो येऊन उभा राहिला. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, पोरं दारात येऊन उभी, आचारी चुलाण मांडायला थांबलेला. हा म्हणतो, "मामा, एकच. शेवटची." हे त्यानं अकराव्यांदा म्हटलं होतं. माझं डोकं फिरलेलं, गुडघे तर विचारूच नका. म्हटलं, मार आणि जा.

त्यानं लांबून वेग घेतला. उडाला. आणि मला आवाजावरूनच कळलं. आपटल्याचा आवाजच नाही. चाकं टेकली, सरकली, बुटाचं टोक आलेल्या बाजूला सरळ, रेघेच्या वर एक बोटही आडवं नाही. हात पसरून तो मागं-मागं गेला, पार खुर्च्यांपर्यंत. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू!

"मामा, किती?"

दारात सहा-सात जण उभे होते. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. मी काय म्हणणार ते त्यांना पाठ होतं, आणि हसायला ते तयारच होते. शिवाय मला हेही ठाऊक होतं, की अडीच म्हटलं तर हा मला उचलून नाचेल, कोचला फोन लावेल आणि खात्रीसाठी आणखी दहा उड्या मारेल. मी उठलो, कपडे झटकले आणि मोठ्यानं म्हणालो, "सव्वादोन!"

हशा पिकला. टेम्पोचा ड्रायव्हर टाळ्या वाजवत होता. तोही हसला, मार्कांचं हसू नव्हे, साधंच. "मला वाटलं हुतं ह्यावेळी," म्हणाला, बूट सोडले आणि खुर्च्यांना न वाकताच गेला.

मनात म्हटलं, उद्या सांगू. उद्या लग्न होतं. परवाही होतं. दोनदा तो फाटकावरून सायकलवर गेला, मी हात केला, त्यानं हात केला. फोन करायला काय झालं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. लाज वाटत होती, एवढंच.

निवडीला त्यानं साधी दोनाची उडी मारली आणि तिसरा आला. पेढे घेऊन आला माझ्याकडं, तिसऱ्याचेही! "दुसरा आला त्यानं अडीच मारली," तो सांगत होता. "उतरताना हात टेकला त्याचा, तरी धरली. हात टेकलेला चालतोय मामा, गिरकी पुरी पायजे. मी बी मारनार हुतो, पन म्हटलं, मामा दोन वर्षं बघत्यात, ते सव्वादोन म्हनत्यात म्हंजी सव्वादोनच. बरं झालं तुम्ही खरं सांगत गेला. न्हाईतर तिथं इज्जत गेली असती."

मी पेढा खाल्ला. तेव्हा तरी तोंड उघडायचं! पण म्हटलं, आता सांगून उगाच जिवाला घोर. पुढच्या वर्षी निवडीच्या आधी सांगू, तेव्हा उपयोग होईल.

पावसाळा सरता सरता त्याला ताप आला. डेंग्यू. आधी गावात सलाइन लावलं, मग दौंडला नेलं, मग पुण्याला. आठव्या दिवशी गेला. तेविसावं चालू होतं. एवढीशी गोष्ट, मला अजून पटत नाही.

आप्पांनी शोकसभा ठेवली, आमच्याच हॉलमध्ये. पहिल्यांदा त्याच्यासाठी त्या सहाशे खुर्च्या सुट्या करून मांडल्या आणि त्या भरल्याही. जी माणसं त्याला नाच्या म्हणायची ती पहिल्या रांगेत पांढरे कपडे घालून. आप्पा बोलायला उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "हवेत पाच-पाच गिरक्या घ्यायचा आपला वाघ! राष्ट्रीय खेळाडू!" मागून कुणीतरी म्हणालं, "सहा, आप्पा." मी खांबाला टेकून ऐकत होतो. जिवंतपणी मी पाव गिरकी दिली नाही, आणि इथं मेल्यावर तीन-तीन जास्त वाटत होते.

पोराचा चाळीसावा दिवस झाल्यावर चाचा एकटेच आले. बँड त्यांनी बंद ठेवला होता. चपला काढून हॉलच्या पायरीवर बसले. मी चहा मागवला, तो त्यांनी तसाच ठेवला.

"मॅनेजर, एक विचारायचं हाय," म्हणाले. "आप्पा म्हनले पाच. पोरगं घरी म्हनायचं सव्वादोन. मी तर कवा बघितलंच न्हाई. खरं किती?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. आता खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. "चाचा, अडीच. पुऱ्या. एकदाच, पन मारली त्यानं."

"तुम्ही बघितली?"

"ह्या डोळ्यांनी. पार जमिनीलगत बसून."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की क्षणभर मला वाटलं, बरं झालं सांगितलं. त्यांनी आत फरशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कवा मारली?"

"निवडीच्या आधी. आठ दिवस आधी."

चाचा बोटांवर काहीतरी जुळवत होते. "पन त्या दिवशी बी घरी येऊन सव्वादोनच म्हनला की तो. जेवला न्हाई रातच्याला. खोटं बोलायचं न्हाई माझं पोरगं." आणि मग, हळूच : "त्याला म्हाईत नव्हतं व्हय?"

मी सगळं सांगितलं. टेम्पो, दारातली माणसं, हशा, पेढा. मान वर करायची हिंमत नव्हती, त्यामुळं त्यांच्या पायांकडं बघत सांगितलं. संपल्यावर मला वाटलं ते मारतील. मारायला पाहिजे होतं.

चाचा उठले. भिंतीचा आधार घेऊन एकेक चप्पल पायात सरकवली.

"मला कशाला सांगता मॅनेजर?" म्हणाले. "त्याला सांगायचं व्हतं."